गुरुजींची हजेरी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे हे संपादित रूप.)

आमच्या गावाकडच्या घरात माजघराच्या भिंतीवर एक जुना फोटो आहे. माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, प्राथमिक शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजात होते तेव्हाचा. साल १९५४. मागच्या रांगेत उभे असलेले, मधल्या रांगेत खुर्च्यांवर बसलेले आणि पुढे सतरंजीवर मांडी घातलेले असे सगळे मिळून चाळीसेक जण. कुणाच्या डोक्यावर गांधी टोपी, कुणाची काळी. धोतर, सदरा, वर कोट. त्यात बाई एकही नाही. त्या काळी पुरुषांचे आणि स्त्रियांचे ट्रेनिंग कॉलेज वेगळे असे, त्यामुळे ते तसे स्वाभाविकच होते. पण खरे सांगायचे तर लहानपणी मला त्यात काही खटकले नाही, ते या कारणामुळे नव्हे. मास्तर म्हटला की तो पुरुषच, हे आम्ही गृहीतच धरले होते.

गेल्या वर्षी माझ्या पुतणीच्या शाळेत जाण्याचा योग आला. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळेत सहा शिक्षक, त्यांतल्या चार बायका. कार्यक्रम संपल्यावर चहा घेताना गावातले एक वयस्क गृहस्थ मला म्हणाले, “काय सांगायचं, गुरुजी हा प्रकारच संपला. हल्ली सगळा बायांचा कारभार.” बोलण्यात राग नव्हता, हळहळ होती. मी मान डोलावली खरी. पण इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलेले, त्यामुळे घरी आल्यावर स्वस्थ बसवेना. गुरुजी खरेच संपले का? आणि संपले असतील तर ते गेले कुठे? आज तुमच्याशी बोलायचे आहे ते याच विषयावर.

सुरुवात थोडी मागून करू. इंग्रजी राज्य स्थिरावण्याच्या आधी आपल्याकडे खेडोपाडी पंतोजींच्या शाळा होत्या. देवळात, धर्मशाळेत किंवा एखाद्या सधन माणसाच्या ओसरीवर त्या भरत. धूळपाटीवर अक्षरे, मोडीचे वळण, उजळणी, पाढे, पावकी-निमकी आणि चुकले की छडी, असा सगळा अभ्यासक्रम. पंतोजींना सरकारी पगार नसे. मुलांचे आईबाप पैसे देत, शिधा देत, सणासुदीला काही हातावर ठेवत. हे काम पुरुषांचे, आणि तेही बहुतेक ठिकाणी लिहिण्या-वाचण्याचा वारसा असलेल्या मोजक्या जातींतल्या पुरुषांचे. म्हणजे ‘शिक्षक पुरुषच’ ही स्थिती काही निसर्गाने ठरवलेली नव्हती. ज्यांच्या हातात पाटी दिली गेली, त्यांच्यातूनच शिक्षक तयार झाले. बायकांच्या हातात ती दिलीच गेली नव्हती.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का बसला तो १८४८ साली, पुण्यात भिडेवाड्यात. जोतिराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली आणि तिथे सावित्रीबाई शिकवू लागल्या. त्यांच्या अंगावर शेण-दगड फेकले गेले, ही हकीकत आपण सगळ्यांनी वाचलेली आहे. ती सांगताना आपण मुलींच्या शिकण्याबद्दल बोलतो. पण लोकांचा राग केवळ मुली शिकतात एवढ्यावर नव्हता. एक बाई ‘मास्तर’ झाली, रोज घराबाहेर पडून शाळेत जाऊ लागली, हेही लोकांना सहन होत नव्हते.

पुढे सरकारलाही एक अडचण जाणवू लागली. मुलींच्या शाळा निघाल्या, पण शिकवायला पुरुषच. जरा मोठी मुलगी पुरुष मास्तरांपुढे बसवायला आईबाप तयार नसत. मग मुलगी घरी बसे. ती घरी बसली की पुढे शिक्षिका होणार कोण? आणि शिक्षिका नाही म्हणून पुन्हा पुढची मुलगी घरी. मेरी कार्पेंटर नावाच्या ब्रिटिश समाजसेविका १८६६ मध्ये भारतात आल्या. मुलींना पुरुष शिकवताहेत हे त्यांनी शाळाशाळांतून पाहिले आणि शिक्षिका तयार करणारी खास विद्यालये काढा, असा आग्रह सरकारकडे धरला. त्यानंतरच्या काळात पुण्यात स्त्रियांसाठी ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले.

पण तिथे यायचे कुणी? लग्न झालेली बाई घर सोडू शकत नव्हती, आणि बिनलग्नाची शहाणी मुलगी तेव्हा जवळजवळ नव्हतीच. १८८२ साली नेमलेल्या हंटर कमिशनने सुचवले, की शाळामास्तरांच्या बायकांनाच शिकवून शिक्षिका करावे. दुसरा मार्ग होता विधवांचा. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन काढले, धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम. तिथून शिकून बाहेर पडलेल्या कितीतरी विधवा शिक्षिका झाल्या. नवरा गेल्यावर समाजाने ज्यांना कोपऱ्यात बसवले, त्याच बायका महाराष्ट्रातल्या मुलींच्या शाळांचा पहिला आधार ठरल्या.

याच हंटर कमिशनपुढे जोतिरावांनी जे निवेदन दिले, ते आजही वाचण्यासारखे आहे. प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, गरज पडली तर नांगर धरायला किंवा सुताराचे हत्यार चालवायला ज्यांना कमीपणा वाटणार नाही असे असावेत, लोकांत मिसळणारे असावेत. पगार महिना बारा रुपयांपेक्षा कमी नसावा. मोठ्या गावात पंधरा-वीस असावा. शेवटी मुलींच्या प्राथमिक शिक्षणासाठी अधिक उदार तरतूद करावी, अशीही मागणी आहे. जोतिरावांना पंतोजी नको होता, गुरुजी हवा होता. त्यांनी शिक्षकाची जात आणि शिक्षकाचा पगार या दोन्ही गोष्टी एका दमात मांडल्या, हे लक्षात ठेवा. पगाराचा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

हा गुरुजी घडायला अर्धे शतक लागले. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये तेच पाऊल उचलले. मुंबई इलाख्यात १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा आला, शाळा स्थानिक बोर्डांकडे गेल्या. भाऊराव पाटलांनी १९३५ मध्ये साताऱ्याला प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले. शाळा वाढल्या तसे मास्तर लागू लागले. व्हर्नाक्युलर फायनल पास झालेल्या शेतकऱ्याच्या, बलुतेदाराच्या मुलाला इंग्रजी येत नसतानाही महिन्याच्या महिन्याला पगार देणारी नोकरी म्हणजे मास्तरकी. पगार तुटपुंजा, पण मान होता आणि म्हातारपणी पेन्शन होते. आमचे अण्णा याच वाटेने आले. आमच्या घराण्यात नांगर सोडून खडू हातात घेतलेले ते पहिले.

स्वातंत्र्यानंतर या गुरुजींचा खरा बहराचा काळ आला. १९५०-५१ मध्ये देशभरात प्राथमिक शाळांचे शिक्षक होते ५ लाख ३८ हजार. दर शंभर पुरुषांमागे स्त्रिया फक्त वीस. दहा वर्षांनी, १९६०-६१ मध्ये, हा आकडा वीसचा एकवीस झाला! अख्ख्या दशकात एकाची भर. महाराष्ट्रात १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेल्या. गावात गुरुजी हा सरकारचा चेहराच होता. खानेसुमारी त्यांनी करायची, मतदारयादी त्यांनी करायची, मनीऑर्डरीचा फॉर्म त्यांनी भरायचा. कितीतरी गावांत टपाल कचेरीही त्यांच्याकडेच. सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हा दिवसा मुलांना शिकवणारे गुरुजी रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांच्याच आईबापांना अक्षरे गिरवायला बसवत होते. या पिढीने जे केले त्याचे मोल कमी करायचे मला कारण नाही. मी तिच्याच पगारावर वाढलो.

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अण्णांची थोरली बहीण, माझी आत्या, अण्णांच्या आधी फायनल पास झाली होती. मार्क अण्णांपेक्षा जास्त. तिला बोर्डाच्या शाळेत नोकरीही मिळाली, पण नेमणूक आली वीस मैलांवरच्या गावी. शाळा एकशिक्षकी. राहायला खोली नाही, ओळखीचे घर नाही, एकटी बाई राहते म्हटल्यावर गावाच्या तोंडाला हात कोण लावणार? आजोबा म्हणाले, “नको.” विषय संपला. आत्याने आयुष्यभर ओसरीवर शेजारपाजारची पोरे जमवून फुकट शिकवले. माझे पाढे तिनेच घेतले. एकोणतीसचा पाढा न अडखळता म्हणणारी ही बाई देशाच्या कोणत्याही शिक्षकगणनेत मोजली गेली नाही. आकड्यांमध्ये पुरुष जास्त दिसतात तेव्हा, नेमणूक हातात असून रुजू होऊ न शकलेल्या अशा बायकांची नोंद कुठेच नसते.

पुढे आकडे हळूहळू हलू लागले. शंभर पुरुषांमागे स्त्रिया १९७०-७१ मध्ये सत्तावीस, १९८०-८१ मध्ये तेहतीस, १९९०-९१ मध्ये एक्केचाळीस, २०००-०१ मध्ये पंचावन्न. हा वेग आपोआप वाढला नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ मध्ये ‘खडू-फळा मोहीम’ आली. एकशिक्षकी शाळेला दुसरा शिक्षक द्यायचा आणि शक्यतो ती बाई असावी, असे ठरले. बाईला शाळेत सोबत मिळाली हा त्यातला मोठा फायदा. माझ्या आत्याची अडचण सरकारी कागदावर मान्य व्हायला एवढी वर्षे लागली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये महिला धोरण आणले, सरकारी नोकऱ्यांत स्त्रियांना ३० टक्के आरक्षण दिले. दरम्यान रस्ते झाले, एसटी आली, पुढे स्कूटी आली. तालुक्याला राहून खेड्यातल्या शाळेत जाता येऊ लागले.

आता त्या गृहस्थांच्या हळहळीकडे वळू. गुरुजी कमी झाले का? जरा हिशोब मांडून पाहू या. १९५०-५१ मध्ये प्राथमिक शाळांतले पुरुष शिक्षक साधारण साडेचार लाख होते. २०००-०१ मध्ये एकूण शिक्षक झाले सुमारे १८ लाख ९६ हजार, आणि शंभराला पंचावन्न या हिशोबाने त्यांत पुरुष निघतात जवळपास बारा लाख. म्हणजे पन्नास वर्षांत गुरुजींचा वाटा ८३ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांच्या आत आला. पण गुरुजींची संख्या अडीच पटींहून जास्त वाढली! वाटा घटणे आणि संख्या घटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताटात पोळ्या वाढल्या आणि भातही वाढला; पोळ्या जास्त वाढल्या, एवढेच.

नंतरचे आकडेही हेच सांगतात. ते सगळ्या इयत्तांच्या शाळा मिळून आहेत आणि मोजण्याची पद्धतही बदलली आहे, म्हणून त्यांची तुलना आधीच्या आकड्यांशी थेट करू नये. २०१२-१३ मध्ये देशात पुरुष शिक्षक ४२ लाख ४० हजार होते, शिक्षिका ३५ लाख ८० हजार. २०१९-२० मध्ये पुरुष ४७ लाख ७० हजार आणि स्त्रिया ४९ लाख २० हजार. या सात वर्षांत पुरुष सुमारे पाच लाखांनी वाढलेच; स्त्रिया तेरा लाखांहून जास्त वाढल्या आणि पुढे गेल्या. त्या वर्षी प्राथमिक स्तरावर १९ लाख ६० हजार शिक्षिका होत्या आणि १५ लाख ७० हजार शिक्षक. २०२४-२५ मध्ये देशातल्या शिक्षकांची संख्या एक कोटीच्या वर गेली, त्यांत ५४ टक्के स्त्रिया. गुरुजींना कुणी शाळेबाहेर काढले नाही. त्यांच्या शेजारी खुर्ची मांडून बाई बसल्या.

हे फक्त आपल्याकडे घडले असेही नाही. जगभर मिळून पाहिले तर प्राथमिक शिक्षकांत आज दर तिघांत दोन स्त्रिया आहेत. पण प्रत्येक देश तिथे निराळ्या वेळी आणि निराळ्या रस्त्याने पोचला. अर्जेंटिनात सार्मिएन्तो नावाच्या राष्ट्राध्यक्षांनी एकोणिसाव्या शतकातच शिक्षक-विद्यालये काढली, अमेरिकेतून शिक्षिका बोलावल्या, आणि तिथे प्राथमिक शाळा फार लवकर बायकांच्या हाती गेली. आपल्या शेजारच्या बांगलादेशात प्राथमिक शिक्षकांच्या ६० टक्के जागा बरीच वर्षे स्त्रियांसाठी राखीव होत्या. तिथे एका पिढीत चित्र पालटले. उलट आफ्रिकेतल्या चाडसारख्या किंवा दक्षिण सुदानसारख्या देशांत आजही वर्गात शिरणारा शिक्षक बहुधा पुरुषच असतो. त्याची कारणे ऐकली की ओळखीची वाटतात. शिकलेल्या मुली थोड्या, खेड्यात राहण्याची सोय नाही, आणि एकटी बाई पाठवायला घरचे तयार नाहीत. माझ्या आजोबांचे ते “नको” तिथे अजून ऐकू येते. ज्या देशात प्राथमिक शाळेत पुरुषच पुरुष दिसतात, तिथे बहुधा मुलींचीच वाट कुठेतरी अडलेली असते.

मग सगळे आलबेल आहे का? तसेही नाही. त्या गृहस्थांची हळहळ पूर्ण खोटी नव्हती. तिचा रोख मात्र चुकीच्या दिशेला होता. आता जोतिरावांचा पगाराचा मुद्दा आठवा. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. तीन वर्षे मानधनावर काम, मग कायम. प्राथमिकचे मानधन होते महिना तीन हजार रुपये. पुढे ते सहा हजार झाले, आणि २०२३ मध्ये सोळा हजार. त्या काळात गल्लोगल्ली डी. एड. कॉलेजे निघाली. माझा एक भाचा आणि ही पुतणी, दोघे एकाच वर्षी डी. एड. झाले. तिची निवड लवकर झाली, त्याची राहिली. मग भरतीच बरीच वर्षे थांबली. एकेक वर्ष वाट पाहत त्याने सात वर्षे काढली. या वयात स्थळ सांगून येते तेव्हा मुलगा काय करतो हे पहिले विचारतात. “शिक्षकभरतीची वाट बघतो” हे उत्तर त्याने किती वेळा द्यायचे? आज त्याचे खताचे दुकान आहे, चांगले चालते. पण शाळेच्या मैदानावर पोरांना तो ज्या हातोटीने जमवायचा ते मी पाहिलेले आहे. आमच्या तालुक्याने एक उत्तम गुरुजी गमावला, आणि त्याची जागा कुठल्या बाईने घेतलेली नाही.

दुसरी बाजूही बघा. स्त्रियांची संख्या वाढली ती सगळीच सरकारी पगारावर नव्हे. सरकारी शाळांत २०१९-२० मध्येही पुरुष जास्तच होते. बायका जास्त होत्या त्या विनाअनुदानित खाजगी शाळांत. तिथे कितीतरी ‘टीचर’ आणि ‘मिस’ हातात किती पगार पडतो हे सांगायला लाजतात. घरात दुसरा पगार आहे, बाईचे तेवढ्यावर भागेल, असा हिशोब मनात धरून पगार ठरतो. म्हणजे एकीकडे जिने शिकवायला यावे म्हणून शंभर वर्षे धडपड झाली ती आली. आणि ती आल्यावर त्या कामाची किंमतच खाली ओढली गेली. कमी पगारात पुरुष थांबत नाही आणि बाईला थांबावे लागते. यात जिंकले कोण?

मुलांना काय हवे, हे मात्र मला शिकवून-शिकवून कळले आहे. पहिलीतल्या मुलीला वर्गात बाई दिसली की ती आणि तिचे आईबाप निर्धास्त होतात, हे खरे. आणि पहिलीतल्या मुलाला, एक पुरुषही नाक पुसतो, बुटाची नाडी बांधतो, गाणे म्हणतो, हे दिसावे असेही मला मनापासून वाटते. प्राथमिक शाळेत दोघेही हवेत. त्यासाठी त्या कामाला दोघांनाही थांबवून धरील असा पगार हवा आणि वेळच्या वेळी भरती हवी. बारा रुपयांची मागणी १८८२ मध्ये करणाऱ्या माणसाला हे समजले होते.

पुतणीच्या शाळेतून निघताना ती मला ऑफिसात घेऊन गेली. कपाटातून तिने एक रंगीत फोटो काढला, त्यांच्या डी. एड.च्या तुकडीचा. निम्मी मुले, निम्म्या मुली. त्यांतली नोकरीला लागलेली कोण आणि न लागलेली कोण, हे ती एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून सांगत होती. दुसऱ्या रांगेत आमचा खतवाला भाचा हसत उभा होता. मी तिला म्हटले, याची एक प्रत मला दे, अण्णांच्या फोटोशेजारी लावतो. तिने परवा पाठवली. आता भिंतीवर दोन्ही आहेत. आत्याचा फोटो मात्र आमच्याकडे नाही. तिने कधी काढूनच घेतला नाही.